दाराला दिंडी हवी

इंदूरच्या रामबागेत आमचे जे जुने घर होते, त्याचे दार उघडायला दोन माणसे लागत. जाड सागवानी कवाडे, त्यांवर लोखंडी पट्ट्या आणि टोपीदार खिळे, आणि आतून भिंतीच्या खोबणीत सरकणारा मांडीएवढा जाड अडसर. हे दार वर्षातून पाच-सात वेळाच पूर्ण उघडत असे. गणपती आणताना, घरातल्या लग्नाला, गव्हाची पोती घेऊन बैलगाडी आली म्हणजे, आणि घरातले कोणी कायमचे निघाले म्हणजे. एरवी सारी ये-जा चाले ती उजव्या कवाडातल्या दिंडीतून. साडेचार फूट उंचीचे ते दारातले दार. दूधवाला, पोस्टमन, शाळेत जाणारे आम्ही, दुपारी पापड लाटायला येणाऱ्या बायका, सगळे त्यातून वाकून आत येत आणि वाकून बाहेर जात. न वाकणाऱ्याच्या कपाळाला चौकट लागे, आणि आजोबा ओसरीवरून म्हणत, "घराने नमस्कार करवून घेतला!"

ज्या वाचकांचे बालपण ग्वाल्हेर, बडोदे, धार किंवा देवासच्या जुन्या पेठांत गेले, त्यांना दिंडी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. मोठे दार आणि त्याच्या पोटात लहान दार ही रचना राजवाड्यापासून सावकाराच्या वाड्यापर्यंत सर्वत्र होती. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहावा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या प्रत्येक कवाडावर ७२ टोकदार सुळे आहेत, आणि उजव्या कवाडात खाली माणसापुरती एक दिंडीही आहे. हत्तीला अडवणाऱ्या दारातून माणसाला जाता यावे, हा विचार ते दार करणाऱ्यांनी केला होता. तो आम्ही केला नाही. त्याची ही हकीकत आहे.

२०१६ साली भावाभावांत वाटण्या होऊन जुने घर पाडले गेले. आमच्या वाट्याला १८ फूट रुंद आणि बरीच खोल अशी जागा आली. दोन्ही बाजूंना चुलतभावांच्या भिंती. खाली मोटारी ठेवायची जागा आणि जिना, वर दोन मजले, असा आराखडा ठरला. नव्या नियमांप्रमाणे पुढे दहा फूट अंगण सोडावे लागले. आता तळमजल्याच्या तोंडाला दार कोणते बसवायचे, हा प्रश्न होता.

आमचा पुतण्या पीथमपूरच्या एका कारखान्यात अभियंता आहे. त्याने एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन आम्हांस सारे पर्याय समजावले. दुकानासारखे गुंडाळते शटर स्वस्त, पण खडखडाट फार आणि १४ फूट रुंदीला ते मधून थरथरते. बाजूला सरकणारे फाटक लावावे तर सरकायला तितकीच जागा शेजारी हवी. आमच्या शेजारी भिंत. आडव्या पट्ट्यांचे, रुळांवरून छताखाली जाणारे दार परदेशात घरोघरी असते. पण त्याचे सारे वजन पीळ दिलेल्या स्प्रिंगवर तोललेले असते. साधारण स्प्रिंग दहा हजार वेळा उघडमीट होईल अशा हिशेबाने बनवतात. दिवसातून चारदा दार उघडले तर सात वर्षांत तिची मुदत संपली. आणि ताणलेली स्प्रिंग तुटते तेव्हा जवळ कोणी नसावे हे बरे. शेवटी तो म्हणाला, "काका, हायड्रॉलिक लावू. विमानांच्या हँगरला असते तसे. एकसंध दार, वरच्या बाजूला बिजागऱ्या, दोन बाजूंना दोन जॅक. बटण दाबले की पुढे उचलले जाते आणि वर छत्रीसारखे उभे राहते."

आमचा जन्म पाण्याच्या खात्यात गेलेला. हायड्रॉलिक हा शब्द आम्हांस परका नव्हता. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडिताचा सतराव्या शतकातला नियम आम्ही शाळेत दट्ट्या आणि पंचपात्राच्या आकृतीसह शिकलो होतो. त्याच नियमावर १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्यावर थोडे बळ, मोठ्या दट्ट्यावर पुष्कळ; मात्र लहान दट्ट्याला अंतर फार तोडावे लागते. निसर्ग फुकट काही देत नाही, बळ दिले तर वेळ मागून घेतो. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते आमच्याच अंगावर आले.

दार बसले. त्याचे वजन चारशे किलो. दार आडवे होत जाते तसा भार वाढतो, आणि जॅक बिजागरीच्या जवळ असल्यामुळे दोघांना मिळून जवळजवळ चोवीसशे किलोंचे बळ लावावे लागते. प्रत्येक जॅकचा दट्ट्या पाच सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे दोघांचे क्षेत्रफळ चाळीस चौरस सेंटीमीटरच्या आसपास. तेलात दर चौरस सेंटीमीटरला साठेक किलो दाब निर्माण झाला की काम भागले. कोपऱ्यात एका लोखंडी पेटीत दोन अश्वशक्तीची मोटर, पंप आणि तेलाची टाकी. मिस्त्री लोक तिला पॉवरपॅक म्हणतात. पहिल्या दिवशी आम्ही बटण दाबले, पेटी घुमू लागली आणि ते अजस्र दार न कुरकुरता पुढे झुकत वर गेले, तेव्हा जमलेल्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. आमची छाती किंचित फुगली हे कबूल केले पाहिजे.

गुण सांगायचे तर ते खरोखरच पुष्कळ आहेत, आणि पुढे जे झाले त्यामुळे ते खोटे ठरत नाहीत. छताखाली रूळ नसल्याने वरची सारी उंची मोकळी राहते. स्प्रिंग नाही, साखळी नाही, दोरखंड नाही. झिजणारे भाग थोडे. दार वर जाऊन थांबले की तेल कोंडले जाते आणि ते असेल तिथे अडून राहते. बंद असताना बाहेरून कोणी पहार लावून उचलू म्हणेल तर ते शक्य होत नाही. कडांना रबरी पट्ट्या असल्यामुळे पावसाचे पाणी आणि धूळ आत येत नाही. आणि एक सुख आम्ही मोजलेच नव्हते. उघडे दार अंगणावर आठ फुटांचे छप्पर होते. पहिल्या वर्षी गणपती आणले तेव्हा त्या छपराखाली सतरंज्या पसरून पन्नास माणसे आरतीला उभी राहिली. वरून पाऊस पडत होता आणि आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारा परिवार अक्का म्हणतो, मोठ्या समाधानाने म्हणाल्या, "मांडवाचा खर्च वाचला हो!"

दोषही होते, पण ते हसून सोडण्याजोगे वाटत. साध्या शटरच्या चौपट-पाचपट पैसे मोजावे लागले. दार बाहेर झुकत असल्यामुळे अंगणात कोणी उभे नाही ना, स्कूटर लावलेली नाही ना, हे आधी पाहावे लागे. सारा भार चौकटीवर येतो, म्हणून भिंतीवर न विसंबता पायापासून लोखंडी खांब उभे करावे लागले. जुन्या विटांच्या भिंतीला असे दार टांगणे म्हणजे भिंतीलाच निमंत्रण देणे होय. डिसेंबरच्या पहाटे तेल घट्ट होते आणि दार म्हाताऱ्यासारखे सावकाश उठते. तिसऱ्या वर्षी एका जॅकचे सील झिजले आणि उंबऱ्यावरच्या रांगोळीत तेलाचे थेंब पडू लागले. बसवून देणारा कारखानदार तोवर धंदा बदलून गेला होता. शेवटी खोदाईची यंत्रे दुरुस्त करणारा एक मिस्त्री आला. त्याने अर्ध्या तासात सील बदलले आणि जाताना सांगितले, "बाबूजी, ये दरवाज़ा नहीं है, ये तो आधी जेसीबी है।"

या अर्ध्या जेसीबीतून आम्ही भाजी आणायला जात होतो. इंदूर २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या कीर्तीत आमचाही वाटा आहे. सकाळी गाणे वाजवीत कचऱ्याची गाडी आली की ओला आणि सुका अशा दोन बादल्या घेऊन घरोघरची माणसे बाहेर येतात. शेजारच्या सूनबाई कडी काढून दोन पावलांत गाडीपाशी पोचत. आमच्या घरी दोन बादल्यांसाठी चारशे किलो लोखंड उचलले जाई. दार वर जायला चाळीस सेकंद, खाली यायला तितकेच. गाडी पुढे निघून जाऊ नये म्हणून आमच्या सौ. गाणे दुसऱ्या गल्लीत ऐकू आले की बटण दाबून उभ्या राहत. वर्तमानपत्रवाला पेपर अंगणात फेकून जाई. दूधवाल्यासाठी वरच्या मजल्यावरून टोपली सोडू लागलो. पूर्वी दुपारी चारच्या सुमारास कोणी ना कोणी "अक्का आहेत का?" म्हणून डोकावत असे. आता डोकवायला फट नव्हती. घंटा वाजवावी, वरून कोणी विचारावे, मग यंत्र घुमावे, आणि आतल्या माणसाने बाहेरच्याला "जरा मागे सरका" म्हणावे, असे स्वागत सुरू झाले. हळूहळू दुपारची माणसे कमी झाली. अक्का त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. त्या वरच्या खिडकीत बसू लागल्या.

हे एवढे एकच दार का ठेवले, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो यावयासच हवा. वास्तुविशारदाने काढलेल्या पहिल्या आराखड्यात जिन्यालगत तीन फुटांचे स्वतंत्र दार होते. त्यामुळे मोठ्या दाराची रुंदी कमी होऊन दुसरी मोटार आत घेणे अवघड झाले असते. पुतण्या म्हणाला, एकच दार असले की एकच कुलूप, सुरक्षितही. आम्ही आमच्या हाताने लाल शाईने त्या लहान दारावर रेघ मारली. कारखानदाराने वीज गेल्यावर चालावे म्हणून बॅटरीची जोडणी सुचवली होती, तीही खर्चाच्या यादीतून आम्हीच काढली; इन्व्हर्टर आहे की, असे म्हणालो. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, दोन अश्वशक्तीची मोटर चालत नाही, हे आम्हांस माहीत होते. पण माहीत असणे आणि त्या वेळी आठवणे यांत अंतर असते. पॉवरपॅकला हातपंप मात्र जोडलेला होता. त्याचा लोखंडी दांडा आम्ही एकदा पाहिला आणि पुन्हा पाहिला नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात इंदूरला पावसाने झोडपले. त्यातल्या एका रात्री, दीडच्या सुमारास, कोपऱ्यावरची डीपी मोठा आवाज करून उडाली आणि सारी वस्ती काळोखात गेली. थोड्याच वेळाने सौ. नी आम्हांस हलवून उठवले. अक्कांना श्वास लागला होता. त्या वेळी त्यांचे वय ८३. पलंगावर उठून बसल्या होत्या, दोन्ही हात गादीवर रोवलेले, ओठ काळसर. फोन केला, रुग्णवाहिका वीस मिनिटांत दारात आली. पुतण्याने आणि आम्ही अक्कांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणले. दाराबाहेर लाल-निळा प्रकाश फिरत होता, रबरी पट्टीच्या कडेने त्याची बारीक रेघ आत येत होती. आत आम्ही चौघे होतो आणि मध्ये चारशे किलोंचे दार.

हातपंपाचा दांडा कुठे आहे, हे कोणालाच आठवेना. पॉवरपॅकवर वर्तमानपत्रांची रद्दी, त्यावर दिवाळीचे आकाशकंदील, पुढे पुतण्याची स्कूटर. मोबाइलच्या उजेडात सारे उपसले. दांडा भिंतीमागे पडलेला सापडला, तोवर आठ मिनिटे गेली होती. मग पंप मारायला सुरुवात केली. हिशेब आम्ही नंतर केला, पण तो इथेच सांगतो. दोन्ही जॅक पूर्ण भरायला सुमारे पावणेदोन लिटर तेल लागते. हातपंपाच्या एका दाबात जाते बारा मिलिलिटर. म्हणजे दार पूर्ण उघडायला जवळजवळ दीडशे दाब. पास्कलने बळ दिले होते, पण वेळ मागून घेतला होता.

आणखी एक गोष्ट त्या रात्री शिकलो. वरून टांगलेले दार आधी पुढे जाते आणि मग वर उचलते. पहिल्या तीस दाबांत ते हातभर पुढे झुकले, पण जमिनीपासून वीतभरही उठले नाही. दोन्ही बाजूंना भिंती, त्यामुळे कडेनेही फट नाही. बाहेरून रुग्णवाहिकेतला मुलगा ओरडत होता, "अंकल, और ऊपर, और ऊपर!" पुतण्या थकला की आम्ही, आम्ही थकलो की तो. अक्का खुर्चीत पुढे वाकून श्वास मोजत होत्या. त्यांच्या तोंडून एकच शब्द आला, "हळू." तो आम्हांस उद्देशून होता की स्वतःला, कळले नाही. साठाव्या दाबाला त्या मुलाने पोटावर सरपटत आत येऊन प्राणवायूचा लहान नळकांडा अक्कांच्या नाकाशी लावला. नव्वदाव्या दाबाला दार कमरेइतके वर आले आणि चौघांनी वाकून अक्कांना स्ट्रेचरवरून त्याच्याखालून बाहेर काढले. रुग्णवाहिका दारात आल्यापासून त्या क्षणापर्यंत सोळा मिनिटे झाली होती.

अक्का वाचल्या. फुप्फुसांत पाणी साठले होते. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आले नसते. आठवड्याने त्या घरी आल्या.

त्या आठवड्यात रुग्णालयाच्या बाकावर बसून आमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. नोकरीतील उमेदीची काही वर्षे आम्ही तवा धरणावर काढली. त्या धरणाला १३ दरवाजे आहेत. धरणाच्या दरवाजापाशी उभे राहिल्यावर अधिकाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वीज गेली तर हा कसा उचलणार? उत्तरही ठरलेले असते: जनित्र, आणि तेही बंद पडले तर हाताने फिरवायचा दांडा. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक दरवाजाला वंगण घालून, उचलून, खाली सोडून पाहायचा, आणि हाताने फिरवायचा दांडा जागेवर आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून वहीत सही करायची. तरुणपणी एका वर्षी आम्ही घाईत ती सही न पाहता करू लागलो, तेव्हा एका वयस्क चौकीदाराने आम्हांस अडवले होते. म्हणाला, "साहब, बिजली तो बरसात में ही जाती है।" त्या वाक्याने आम्ही पुढची तीस वर्षे नोकरी केली. लोकांच्या धरणांना तो प्रश्न विचारला. स्वतःच्या घराच्या दाराला विचारला नाही, कारण ते घर होते, आणि घराच्या बाबतीत माणूस अधिकारी नसतो, हौशी असतो.

अक्का घरी आल्या त्या दिवशी दार उघडेच ठेवले होते. त्या मोटारीतून उतरल्या, वर तोललेल्या दाराकडे एकदा पाहिले, आणि त्याच्याखालून भराभर आत गेल्या, जणू ते डोक्यावर पडेल. जिन्याशी बसल्यावर म्हणाल्या, "अरे, वास्तुशांतीच्या दिवशीच मी विचारणार होते, याची दिंडी कुठे आहे म्हणून. पण म्हटले, तुम्ही सगळे शिकलेले. तुम्हाला काही तरी सुचले असेल."

आम्हांजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या जेसीबीच्या मिस्त्रीला बोलावले.

काम वाटले तितके अवघड निघाले नाही. दाराच्या उजव्या अंगाला, सांगाड्याच्या दोन उभ्या खांबांमध्ये, पत्रा कापून अडीच फूट रुंद आणि सहा फूट उंच चौकट बसवली. कापल्याने दाराची ताकद कमी होऊ नये म्हणून भोवती नवा कोनी लोखंडाचा आधार वेल्ड केला. त्या चौकटीत आत उघडणारे साधे दार, साधी कडी, साधे कुलूप. एक काळजी मात्र घ्यावी लागते. लहान दार उघडे असताना कोणी मोठ्याचे बटण दाबले तर घात होईल. म्हणून चौकटीत एक लहान स्विच बसवला. लहान दार पक्के मिटल्याशिवाय मोटर सुरूच होत नाही. बॅटरीची जोडणीही केली. हातपंपाचा दांडा लाल रंगवून भिंतीवर खिळ्याला टांगला, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिले: "इथे काहीही ठेवू नये."

हे लिहिण्याचे प्रयोजन आमची चूक सांगावी एवढेच नाही. आपल्या जुन्या वस्त्यांतून वाडे उतरत आहेत आणि त्यांच्या जागी खाली मोटारी, वर माणसे अशी घरे उठत आहेत. मुले परगावी, घरात दोन म्हातारी माणसे, आणि दाराला बटण. ज्यांच्या मनगटात जोर उरला नाही त्यांच्यासाठी असे दार वरदान आहे, हे आम्ही अजूनही म्हणतो. ज्यांच्यापुढे अंगण आहे, खाली मजबूत पाया आहे, उंची वाया घालवायची नाही, रुंद तोंड झाकायचे आहे, त्यांनी हायड्रॉलिक दार खुशाल बसवावे. ज्यांचे घर थेट रस्त्यावर उघडते त्यांनी बसवू नये. ते जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपाळावर झुकेल. घरात लहान मुले असतील तर दाराखाली काही आले की ते थांबवणारा प्रकाशाचा डोळा बसवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकेत घरगुती स्वयंचलित गॅरेज-दारांना अडथळ्यापासून बचावाची अशी सोय १ जानेवारी १९९३ पासून कायद्याने सक्तीची आहे, आणि ती मुले चिरडून मेल्यावरच झाली. सील आणि नळ्या बाजारात सहज मिळणाऱ्या मापाच्या आहेत की नाहीत, हेही आधी विचारावे, कारण बसवणारा मनुष्य जातो आणि दार राहते. आणि सर्वांत आधी तो धरणावरचा प्रश्न विचारावा. वीज गेली तर, आणि घरात त्या वेळी जो सर्वांत अशक्त मनुष्य असेल त्याला, हे दार किती वेळात उघडता येईल? उत्तर मिनिटांत येत असेल तर शेजारी दुसरे दार हवे. जागा नसेल तर त्याच दारात दिंडी हवी.

आता दर वर्षी १ जूनला आम्ही वीज बंद करून हातपंपाने दार उघडतो. पुतण्या दाब मोजतो, सौ. घड्याळ पाहतात. गेल्या वेळी १४८ भरले. धरणावरच्या वहीसारखी एक वहीही ठेवली आहे. तिच्यात तारीख घालून सही करतो, पाहून.

दिंडी झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दुपारी चार वाजता कोणी तरी कडी वाजवली. पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी होत्या, हातात लोणच्याची बरणी. "आत येऊ का? दार लहान झाले म्हणून आले," म्हणाल्या. अक्का खिडकीतून उठून खाली आल्या. दिंडी सहा फूट उंच केली आहे, वाकायची गरज नाही. तरी अक्का तिच्यातून जाताना मान थोडी खाली घालतात. सत्तर वर्षांपूर्वीची चौकट त्यांच्या कपाळाला अजून आठवत असावी.